विरुद्ध पक्षास प्रत न पाठविण्याबाबत

प्रति,
मा. निवारण अधिकारी,
कौटुंबिक तक्रार निवारण कार्यालय,
दुसरा मजला (लिफ्ट बंद).

विषय : अर्जाची प्रत अर्जदाराच्या राहत्या पत्त्यासह विरुद्ध पक्षास, म्हणजे अर्जदाराच्या नवऱ्यास, न पाठविण्याबाबत. (विनंती तिसरी.)

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचे पत्र : "राहता पत्ता नमूद नसल्याने अर्ज अपूर्ण आहे. सात दिवसांत पूर्तता न झाल्यास प्रकरण नस्तीबंद करण्यात येईल."
३) आपला उजवा गुडघा (परिच्छेद ७ पाहावा).

महोदय,

१. अर्जदार ही सार्वजनिक रुग्णालयात क्ष-किरण तंत्रज्ञ, लोकांच्या भाषेत एक्स-रेवाली बाई, म्हणून सतरा वर्षे नोकरीस आहे. विरुद्ध पक्ष त्याच रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. अर्जदार हाडांचे फोटो काढते, विरुद्ध पक्ष सांधे हलवतो. या दोघांचे लग्न ठरले तेव्हा कँटीनमध्ये "आता यांच्या घरात काही मोडायचं नाही" असा विनोद झाला होता. वस्तुस्थिती म्हणून पाहिल्यास तो विनोद तंतोतंत खरा ठरला. नऊ वर्षांत काहीही मोडले नाही. अर्जदाराची अडचण नेमकी तीच आहे.

२. विरुद्ध पक्षाच्या हाताला गुण आहे, हे अर्जदार नाकारत नाही. खाटेला खिळलेली माणसे त्याने उभी केली आहेत. म्हाताऱ्या बायका त्याच्या तोंडावरून हात फिरवून जातात, आणि वॉर्डातल्या सिस्टर त्याच्या पाळीत केसांना दोन पिना जास्त लावतात. त्याचे शास्त्र त्यानेच अर्जदारास समजावून सांगितले आहे ते असे की, प्रत्येक सांधा एका मर्यादेपर्यंत सुखाने वाकतो. त्यापुढे दुखते. त्याच्याही पुढे इजा होते. दुखणे आणि इजा यांच्यामध्ये एक अरुंद जागा असते, बोटभर. ती जागा त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नाही. अर्जदार नऊ वर्षे त्या जागेत राहिली.

३. पहिला प्रसंग लग्नाच्या चौथ्या महिन्यातला. मित्राच्या घरी जेवताना अर्जदाराने विरुद्ध पक्षाच्या गाण्याची थोडी थट्टा केली. सगळे हसले, तोही हसला. घरी आल्यावर त्याने शर्ट हँगरला लावला, समोर खुर्ची ओढली, रुग्णाचा घ्यावा तसा अर्जदाराचा उजवा हात मांडीवर घेतला आणि मधले बोट मागे नेले. "खांदा सैल सोड. श्वास सोड. दहापर्यंत मोजू या." आवाज तोच, वॉर्डातला, ज्या आवाजाने लोक बरे होतात. दहा झाल्यावर त्याने बोट सोडले, गरम पाणी आणले, शेक दिला आणि म्हणाला, "बघ, सूजसुद्धा नाही."

४. येथे नमूद करावेसे वाटते की विरुद्ध पक्ष रागावलेला नव्हता. रागावला असता तर अर्जदारास समजले असते, कारण रागीट माणसे तिने माहेरी भरपूर पाहिली आहेत. ती ताटे आपटतात, मग दोन दिवस तोंड चुकवतात. अर्जदाराचा डावा हात त्या वेळी विरुद्ध पक्षाच्या मनगटावर होता आणि रुग्णालयाच्या सवयीने तिने नाडी मोजली. अडुसष्ट. माणसाची नाडी भांडणात वाढते, प्रेमात वाढते, जिना चढून वाढते (आपल्या कार्यालयाचा जिना चढून अर्जदाराची एकशे बारा झाली होती). त्याची अडुसष्टच राहिली, त्या दिवशी आणि पुढेही प्रत्येक वेळी. एकदा अर्जदाराने विचारले, "का करतोस असं?" त्याने प्रामाणिकपणे विचार केला. लपवाछपवी केली नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवावे. म्हणाला, "बघत होतो, तू काय करतेस ते."

५. आपल्या कार्यालयाने "पुरावा?" असा शेरा मारला आहे. त्यासंबंधी सोबत एक्स-रेच्या अकरा फिल्म जोडल्या आहेत. त्या अर्जदाराने जेवणाच्या सुट्टीत, मशिन मोकळे असताना, स्वतःच्या मधल्या बोटाच्या काढल्या. हाडांच्या डॉक्टरांनी अकराही पाहिल्या. "बाई, तुमची हाडं तर कॉलेजातल्या मुलीसारखी आहेत," असे त्यांचे मत पडले. सर्व फिल्म नॉर्मल आहेत. तरीही अर्जदाराचे नम्र म्हणणे असे की, ज्या बाईला काही झालेले नाही ती स्वतःचे तेच ते बोट अकरा वेळा मशिनखाली ठेवत नाही. हा मुद्दा आपल्या पुराव्याच्या व्याख्येत कुठे बसतो का, हे तपासावे. अर्जदाराची आई म्हणते, "अगं, पण त्यानं कधी हात उगारला का तुझ्यावर?" नाही. विरुद्ध पक्षाने हात कधीच उगारला नाही. तो हात हातात घेतो. आई त्याला लाखात एक जावई म्हणते, आणि लाखात किती असे असतात याची आकडेवारी अर्जदाराकडे नाही.

६. गेल्या वर्षी अर्जदार घर सोडून चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत राहावयास गेली आणि आपल्याकडे संरक्षणासाठी पहिला अर्ज केला. रकाना चार : "राहता पत्ता, ओळखीच्या खुणेसह." अर्जदाराने खूणही लिहिली, खाली दारावर मोठा लाकडी चष्मा टांगला आहे म्हणून. आपल्या नियमानुसार अर्जाची संपूर्ण प्रत विरुद्ध पक्षास टपालाने गेली. पाचव्या दिवशी, दवाखाना सुटल्यावर, सव्वासहाला, विरुद्ध पक्ष दारात उभा. हातात अर्जदाराचा स्वेटर, घडी घातलेला. घरमालकीणबाईंचा खांदा वर्षभर धरला होता. त्याने जिन्यातच दहा मिनिटांत त्यांचा हात वर करून दाखवला. बाईंच्या डोळ्यांना पाणी आले. "अहो, असा नवरा टाकून कुणी येतं का? आमच्या ह्यांनी तीस वर्षांत पाण्याचा पेला कधी हातात दिला नाही!" असे म्हणून त्यांनी दोघांना नीट बोलता यावे म्हणून दार बाहेरून लोटून घेतले. दहापर्यंत मोजून झाल्यावर विरुद्ध पक्षाने खिशातून प्रत काढली. "छान लिहिलायस. फक्त दुसरा परिच्छेद लांबलाय."

७. त्यानंतर आपल्यासमोर सुनावणी झाली. आपणांस स्मरत असेल की, विरुद्ध पक्ष आत येताच खाली वाकून म्हणाला, "साहेब, गुडघा कसा आहे आता?" आणि आपण पाय टेबलाबाहेर काढून वाकवून दाखवला. सुनावणीसाठी वीस मिनिटे राखून ठेवलेली होती. त्यांपैकी तेरा मिनिटे गुडघ्याच्या व्यायामात गेली. आपल्या गुडघ्यास आराम पडला याचे अर्जदारास मनापासून समाधान आहे, यात टोमणा नाही. गुडघेदुखी वाईट. उरलेल्या सात मिनिटांत विरुद्ध पक्ष रडला. समितीच्या सदस्य बाईंनी त्यास स्वतःचा रुमाल दिला, आणि अर्जदाराने "थोडं जुळवून घ्यावं" असा शेरा नस्तीवर पडला. जिना उतरताना पहिल्या मजल्यावर त्याने अर्जदारास थांबवले. रुमाल घडी करून खिशात ठेवत विचारले, "कसं झालं? शेवटी जरा जास्त झालं का गं?" त्याला खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. आणि महोदय, नऊ वर्षांच्या सवयीने अर्जदार म्हणाली, "नाही, बरोबर होतं." हे वाक्य अर्जदाराने आजवर कुणास सांगितलेले नाही. ते आपल्या नस्तीत असावे.

८. अर्जदाराने खोली बदलली आणि दुसरा अर्ज केला, तो एवढ्याचसाठी की यापुढे पत्ता विरुद्ध पक्षास कळवू नये. नियमानुसार या अर्जाचीही प्रत, नव्या पत्त्यासह, विरुद्ध पक्षास देण्यात आली. मात्र विनंती फेटाळली गेली असे म्हणता येणार नाही. ती मंजूर झाली. "एका पक्षाचा पत्ता गोपनीय ठेवण्यात यावा" असा आदेश निघाला आणि कार्यालयाने तो अमलातही आणला. विरुद्ध पक्षाच्या लेखी म्हणण्याची जी प्रत अर्जदारास मिळाली तिच्यावरील त्याचा पत्ता काळ्या शाईने पूर्ण खोडलेला होता. तो पत्ता अर्जदारास ठाऊक आहे. त्या घराच्या पडद्यांची मापे तिने स्वतः घेतली होती.

९. दुसरा अर्ज अर्जदाराने सकाळी अकरा वाजता आपल्या आवक टेबलावर दिला. त्याच दिवशी सव्वासहाला विरुद्ध पक्ष नव्या खोलीच्या दारात होता. "टपाल सुधारलंय," असे हसून म्हणाला आणि खुर्ची ओढली. अर्जदाराने पुन्हा खोली बदलली. तिसऱ्या अर्जात पत्ता लिहिलाच नाही. तो अपूर्ण ठरवून परत करण्यात आला, आणि तो परत घेण्यासाठी अर्जदार गेल्या गुरुवारी आपल्या कार्यालयात आली. आता पुढील मजकूर अर्जदार अतिशय जपून लिहीत आहे.

१०. आवक टेबलावर एक बाई बसतात. वय तिशीच्या पुढेमागे. दिवसाला दोनशे कागदांवर शिक्का मारतात. पहिल्या अर्जाच्या वेळी त्यांनी मजकूर वाचून अर्जदारास ऐकवले होते, "ताई, रागावू नका, पण लोकांना असं माणूस मिळत नाही हो. आमच्या साहेबांचा गुडघा बघा!" अर्जदार रागावली नव्हती. तिच्या सख्ख्या आईचे मत वेगळे नव्हते. गुरुवारी त्या बाई शिक्का डाव्या हाताने मारत होत्या. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पट्टी होती. अर्जदाराने विचारले, काय झाले. "अहो, दारात सापडलं! वेंधळी आहे मी," असे म्हणून त्या हसल्या. "सर होते म्हणून बरं. लगेच बांधून दिलं. शिक्के मारून मान धरते ना माझी, तर येतात ते, संध्याकाळी."

११. अर्जदार सतरा वर्षे दारात सापडलेली बोटे पाहत आहे. दारात सापडले की नख काळेनिळे पडते. बाईंचे नख गुलाबी होते. सूज नव्हती. पट्टीची टोके कात्रीने गोल कापलेली होती. कोपरा राहिला तर तो उचकटतो, म्हणून विरुद्ध पक्ष नेहमी गोल कापतो, आणि रुग्णालयात दुसरे कुणी एवढा त्रास घेत नाही. आणि प्रत्येक शिक्क्याआधी, बोटाला धक्का लागणार असे वाटले की, बाई खांदा सैल करून हळूच श्वास सोडत होत्या. तसा श्वास कुणी आपणहून सोडत नाही, महोदय. तो शिकवावा लागतो.

१२. अर्जदाराने एवढेच विचारले, "कुठलं दार?" बाईंचे हसणे थांबले. मागे रांग होती. "पुढचे!" असे म्हणून त्यांनी अर्जदाराचा परत आलेला अर्ज पुढे सरकवला. दुसऱ्या अर्जाची प्रत टपालात न पडता त्याच दिवशी हातोहात कशी पोहोचली, याचा उलगडा अर्जदारास तेथेच झाला. त्याबद्दल तिची काही तक्रार नाही, कोणाचीही चौकशी लावू नये, खुलासा मागवू नये. विरुद्ध पक्षाने मागितले की माणूस देतो. अर्जदाराने नऊ वर्षे दिले आहे.

१३. अर्जदार घरी आली आणि तीन दिवस तिने काहीच लिहिले नाही. कारण कार्यालयाची पद्धत तिला आता तोंडपाठ आहे. आलेला लिफाफा प्रथम आवक टेबलावरील बाई फोडतात. वाचतात. मग क्रमांक घालतात, शिक्का मारतात, विरुद्ध पक्षासाठी प्रत काढतात आणि त्यानंतरच कागद आपल्या टेबलावर येतो. आपल्याच कार्यालयाच्या भिंतीवर सूचना लावलेली आहे की, "शिक्का नसलेला कागद अर्ज समजला जाणार नाही." म्हणजे हे जे काही आहे ते या ओळीपर्यंत अर्ज नाही. नुसता कागद आहे, आणि तो आपल्या हातात नाही.

१४. या कागदाचे तीन प्रकार होऊ शकतात. एक, बाई तो संध्याकाळी मान चोळून घेताना विरुद्ध पक्षास दाखवतील. ही शक्यता अर्जदाराने विचारात घेतली आहे. तिची पिशवी भरलेली आहे, आणि खोल्या शोधण्यात ती आता बऱ्यापैकी तरबेज झाली आहे. मात्र दाखवण्यापूर्वी बाईंनी हे ध्यानात घ्यावे की त्यांचे बोट ओळखणारे कुणी आहे, हे त्यालाही त्याच वेळी कळेल. दोन, बाई शिक्का मारून कागद वर पाठवतील. तसे झाल्यास महोदय, प्रत कोणासही न पाठवता आपण प्रथम आपल्या दाराबाहेर जाऊन त्या बाईंच्या शेजारी दहा मिनिटे बसावे, गुडघ्याचा विषय काढू नये, आणि विरुद्ध पक्षाने पुन्हा त्या टेबलाजवळ येऊ नये असा आदेश त्याच दिवशी काढावा. तिसऱ्या प्रकाराबद्दल शेवटी लिहिले आहे.

१५. आता पूर्तता. आपण सात दिवसांत पत्ता मागितला आहे. रकाना चार : बुकबाइंडिंगच्या कारखान्यामागे, लोखंडी जिना, वरचे एकमेव दार, रंग हिरवा. ओळखीची खूण : कारखाना चालू असेपर्यंत सरसाचा वास येतो. कठडा डाव्या बाजूचा हलतो, दुखरा हात असेल तर भिंतीकडून चढावे. खोलीत दोन खाटा आहेत. दुसरीवर इस्त्रीचे कपडे पडलेले असतात, ते उचलून ठेवण्यात येतील. अर्जदार सकाळी आठ ते चार ड्यूटीवर असते. त्यानंतर घरीच असते आणि दाराला आतून दोन कड्या असतात. तेव्हा हाक मारावी. कितीही वाजले असले तरी चालेल, अर्जदारास झोप बेताचीच आहे. काय झाले ते कुणी विचारणार नाही. दार कुठले, हेही पुन्हा विचारले जाणार नाही.

१६. येणाऱ्या व्यक्तीच्या माहितीसाठी काही सूचना, अनुभवावरून : येताना सामान बांधत बसू नये, तो सामान बांधायला मदत करतो. आपले काय चुकले याचा विचार येथे आल्यावर करावा, तिकडे तो करून दिला जातो. चिठ्ठी लिहून ठेवू नये. आणि निरोप घेऊ नये. निरोप त्याला फार सुंदर घेता येतो, मग निघणे होत नाही. अर्जदाराचे असे चार वेळा झाले आहे. "आपण वेडे आहोत का?" असे वाटत असल्यास ते सर्वांनाच वाटते. अर्जदाराने त्यासाठी अकरा फिल्म खर्ची घातल्या. बोट दुखत असल्यास ते दुखते आहे, एवढे पुरे. फिल्म काढावयाची असल्यास काढून देण्यात येईल. ती नॉर्मल येईल.

१७. अर्जदाराची मूळ विनंती, म्हणजे तिचा पत्ता विरुद्ध पक्षास कळवू नये ही, कायम आहे. ती सोडलेली नाही. पण आजवर हा पत्ता फक्त एकाच माणसाला हवा होता आणि अर्जदार तो लपवीत फिरत होती. आता तो आणखी एका माणसास लागेल असे दिसते, आणि दोघांपैकी एकासच कळवण्याची सोय आपल्या नियमांत नाही. सबब तिने धोका पत्करून तो पूर्ण लिहिला आहे.

१८. राहता राहिला तिसरा प्रकार. बाई हा कागद वाचतील, शिक्का मारणार नाहीत, घडी करून पर्समध्ये ठेवतील आणि साहेबांपुढे काहीच येणार नाही. आवक नोंदवहीत गुरुवारनंतर अर्जदाराच्या नावापुढे काही नसेल, मुदत संपेल, प्रकरण नस्तीबंद होईल. महोदय, त्यास अर्जदाराची हरकत नाही. हा अर्ज आपल्यापर्यंत पोहोचला नाही, तर तो मंजूर झाला असे अर्जदार समजेल.

आपल्या कार्यालयाची नियमित आणि यापुढे न येण्याची आशा असलेली,
अर्जदार
(सही)

दिनांक : दिलेल्या सात दिवसांपैकी सहावा.

सोबत :
१) एक्स-रे फिल्म, अकरा. सर्व नॉर्मल.
२) कार्यालयाचे "अपूर्ण" शेऱ्याचे पत्र, मूळ प्रत.
३) हिरव्या दाराची किल्ली, एक. (नोंदवहीत चढवू नये.)